लुइझियानाचे खरेदीखत आणि जागेवरचा ताबा

प्रति,
मा. संपादक,

स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेच्या लुइझियाना खरेदीवर आलेला लेख वाचला. लेखकाने मेहनत घेतली आहे, हे पहिल्या दोन परिच्छेदांतच कळते. स्वातंत्र्य जाहीर करून जेमतेम सत्तावीस वर्षे झालेल्या एका प्रजासत्ताकाने १८०३ साली फ्रान्सकडून दीड कोटी डॉलरना मिसिसिपी नदीच्या पश्चिमेचा सुमारे ८,२८,००० चौरस मैलांचा मुलूख घेतला, आपल्या देशाचा आकार जवळजवळ दुप्पट केला, आणि हिशेब काढला तर भाव एकरी तीन सेंटच्या आसपास पडला, हे सगळे त्यांनी बरोबर दिले आहे. हा मुलूख आजच्या भारताच्या जवळजवळ दोन तृतीयांश भरेल. माझी हरकत आहे ती मथळ्यातल्या ‘इतिहासातला सर्वांत स्वस्त जमीनसौदा’ या शब्दांना आणि सोबत छापलेल्या नकाशाला. नकाशाचे शेवटी सांगतो. आधी सौद्याचे पाहू.

मी शाळेत बत्तीस वर्षे इतिहास शिकवला आणि या विषयावर वर्गात दरवर्षी पाऊण तास बोललो. पण या व्यवहाराचा खरा अर्थ मला पुस्तकातून कळला नाही, तो वडिलांच्या एका फाइलमधून कळला. १९७४ साली वडिलांनी ग्वाल्हेरजवळच्या मुरारच्या पलीकडे एक प्लॉट घेतला. बयाना दिला (पुण्याकडची मंडळी याला विसार म्हणतात), रजिस्ट्री झाली, स्टॅम्पपेपरवर सह्या-अंगठे झाले, घरी पेढे वाटले गेले. महिन्याभराने ते तारेचे कुंपण घालायला गेले, तर जागेवर एक कुटुंब गिलकी आणि भेंडीला पाणी देत होते. त्या घरातल्या म्हातारीने वडिलांना खाटेवर बसवले, गुळाचा चहा दिला आणि सांगितले की आमच्या सासऱ्यांनी ही विहीर खणली. वडिलांनी पिशवीतून रजिस्ट्री काढून दाखवली. तिने ती उलटसुलट करून पाहिली आणि परत दिली. पटवारी म्हणाला, “मास्तर, रजिस्ट्री आपकी, कब्जा उनका.” पुढे एकोणीस वर्षे तारखा पडल्या आणि शेवटी वडिलांनी त्या कुटुंबाला वेगळे पैसे देऊन जागा मोकळी करून घेतली. ज्याने विकली त्याचे नाव घेण्यात आता अर्थ नाही. त्याने काही खोटे केले असेही कोर्टाला म्हणता आले नाही. त्याच्याकडे कागद होता, तो त्याने विकला.

लुइझियानाच्या बाबतीत नेपोलियनकडे कागदसुद्धा पुरता स्वच्छ नव्हता. हा मुलूख फ्रान्सने १७६२ मध्ये स्पेनला देऊन टाकला होता. १ ऑक्टोबर १८०० च्या सान इल्देफोन्सोच्या गुप्त तहाने तो परत मिळवला, आणि मिळवताना स्पेनला शब्द दिला की हा प्रदेश आम्ही तिसऱ्या कोणाला देणार नाही. फ्रान्सच्या राज्यघटनेप्रमाणे असा प्रदेश विकायला विधिमंडळाची संमती लागत होती; ती नेपोलियनने मागितलीच नाही. आणि सगळ्यांत मजेची गोष्ट अशी की ३० एप्रिल १८०३ ही तारीख घालून पॅरिसमध्ये विक्रीचा तह झाला, त्या दिवशी न्यू ऑर्लिन्सच्या सरकारी इमारतीवर झेंडा स्पेनचा होता, कारभारी स्पेनचे होते आणि चौकीवरचे शिपाईही स्पेनचेच होते. म्हणजे विकणाऱ्याला स्वतःलाच अजून ताबा मिळालेला नव्हता. आमच्या मुरारच्या पटवाऱ्याने असे नामांतरण (जमीन नव्या नावावर चढवणे) दारातूनच परत केले असते.

घेणाऱ्यांना तरी एवढे सगळे कुठे हवे होते? ओहायोच्या खोऱ्यातले शेतकरी आपले पीठ, तंबाखू आणि खारवलेले डुकराचे मांस सपाट तळाच्या नावांवर लादून मिसिसिपीतून न्यू ऑर्लिन्सला आणत आणि तिथून ते समुद्री जहाजांवर चढे. त्या बंदरात माल उतरवून ठेवण्याची सवलत स्पेनने १७९५ च्या तहात दिली होती. ऑक्टोबर १८०२ मध्ये तिथल्या स्पॅनिश अधिकाऱ्याने ती अचानक बंद केली. डोंगरापलीकडच्या या लोकांना घाटातून माल पूर्वेला नेणे परवडणारे नव्हते, तेव्हा त्यांचा गळाच आवळला गेला. या बंदराचा धनी जो कोणी असेल तो आपला स्वाभाविक शत्रूच ठरणार, असे राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांनी त्याच वर्षी एप्रिलमध्ये लिहिले होते. त्यांनी पॅरिसमधले अमेरिकेचे राजदूत रॉबर्ट लिव्हिंग्स्टन यांच्या मदतीला जेम्स मन्रो यांना पाठवले ते न्यू ऑर्लिन्स आणि जमल्यास फ्लोरिडा विकत मिळतात का ते पाहायला. मन्रो पॅरिसमध्ये पोहोचण्याच्या आदल्या दिवशी, ११ एप्रिलला, परराष्ट्रमंत्री तालेराँ यांनी लिव्हिंग्स्टन यांना सहज विचारावे तसे विचारले की तुम्हांला सगळेच लुइझियाना हवे आहे काय. लिव्हिंग्स्टन यांना ऐकू कमी येत असे आणि त्यांचे फ्रेंचही बेताचे होते. आपण ऐकले ते खरे का, असा प्रश्न त्यांना पडला असेल तर त्यात नवल नाही.

नेपोलियनने विक्री का काढली, याविषयी आपल्या लेखात ‘पैशांची चणचण’ एवढेच म्हटले आहे. चणचण होतीच, इंग्लंडशी पुन्हा लढाई तोंडावर होती. पण खरे कारण कॅरिबियन समुद्रातल्या साँ-दोमिंग बेटावर, म्हणजे आजच्या हैतीत, घडले. तिथल्या गुलामांनी उठाव करून मळेवाल्यांची सत्ता मोडली होती. साखरेचे ते बेट परत मिळवायचे आणि त्याला धान्य व लाकूड पुरवायला लुइझियाना वापरायचे, असा नेपोलियनचा बेत होता. त्याने बहिणीचा नवरा जनरल लक्लेर्क याला मोठे सैन्य देऊन पाठवले. बंडखोरांच्या चिकाटीने आणि पिवळ्या तापाने ते सैन्य खलास झाले, आणि नोव्हेंबर १८०२ मध्ये लक्लेर्क स्वतःही गेला. बेट गेल्यावर त्याच्या कोठाराचे काय करायचे? काल-परवापर्यंत बेड्यांत असलेल्या त्या माणसांनी फ्रान्सचे सैन्य गारद केले नसते तर जेफरसन यांच्यापुढे हा सौदा आलाच नसता, आणि हे श्रेय त्यांना शाळेच्या पुस्तकांत क्वचितच मिळते. सौद्याचे फळ मात्र उलटे निघाले. घेतलेल्या मुलखाच्या दक्षिण भागात उसाचे आणि कापसाचे मळे पसरले, आणि ते सगळे गुलामांच्या श्रमांवर.

नेपोलियनच्या भावांना ही विक्री मान्य नव्हती. जोसेफ आणि ल्युसिआँ त्याला समजवायला गेले तेव्हा तो सुगंधी पाण्याच्या टबात बसला होता. विधिमंडळात आपण विरोध करू, असे जोसेफ म्हणताच तो ताडकन उठला आणि धपकन पुन्हा खाली बसला. पाणी उसळून जोसेफ नखशिखान्त भिजला आणि जवळ उभा असलेला नोकर घाबरून बेशुद्ध पडला. ल्युसिआँनेच हे पुढे आठवणींत लिहून ठेवले असल्याने थोडे तिखटमीठ गृहीत धरावे. एवढा मुलूख विकायचा की नाही याची चर्चा न्हाणीघरात आटोपली, एवढे मात्र त्यातून दिसते.

आता पैशांचा भाग, जो लेखात दोन ओळींत उरकला आहे. एकूण किंमत आठ कोटी फ्रँक. त्यांपैकी दोन कोटी फ्रान्सला मिळणारच नव्हते. अमेरिकी व्यापाऱ्यांचे फ्रान्सकडे जे दावे थकले होते ते अमेरिकेच्या सरकारने आपल्या अंगावर घेतले. उरलेले सहा कोटी फ्रँक, म्हणजे एक कोटी साडेबारा लाख डॉलर, सहा टक्के व्याजाच्या कर्जरोख्यांत द्यायचे ठरले. नेपोलियनला रोख हवी होती आणि मुद्दल पंधरा वर्षांनंतर फिटू लागणार होते. तेव्हा लंडनचे बेरिंग आणि अॅमस्टरडॅमचे होप या पेढ्या पुढे आल्या. त्यांनी ते रोखे सूट कापून घेतले आणि फ्रान्सच्या पदरात सुमारे पाच कोटी वीस लाख फ्रँकच पडले. मे १८०३ मध्ये इंग्लंड आणि फ्रान्स यांची लढाई जुंपली, तरी इंग्लंडमधली पेढी इंग्लंडच्याच शत्रूला पैसे मोजत राहिली, आणि तिच्या सरकारने काही महिने त्याकडे काणाडोळा केला, कारण फ्रान्स अमेरिकेतून निघून जातो हे त्यालाही हवेच होते. अशा वेळी दलालाचेच सर्वांत भले होते, हे ग्वाल्हेरच्या सराफ्यात कोणीही सांगेल.

जेफरसन यांना घटनेची टोचणी होती. परका प्रदेश विकत घेण्याचा अधिकार घटनेत कुठेच लिहिलेला नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते आणि त्यांनी घटनादुरुस्तीचा मसुदाही करून ठेवला होता. पण तेवढ्या वेळात नेपोलियनचे मन फिरेल, या भीतीने तो तसाच ठेवून दिला. २० ऑक्टोबर १८०३ रोजी सिनेटने २४ विरुद्ध ७ मतांनी तह मंजूर केला. त्यानंतर ताबा देण्याघेण्याचा जो सोहळा झाला तो पाहण्यासारखा असला पाहिजे. ३० नोव्हेंबरला न्यू ऑर्लिन्समध्ये स्पेनने फ्रान्सला ताबा दिला, आणि वीसच दिवसांनी, २० डिसेंबरला, फ्रान्सने अमेरिकेला. वर सेंट लुइसला बातमी पोहोचून मार्च उजाडला; तिथे ९ मार्च १८०४ रोजी स्पेनचा झेंडा उतरला, एका रात्रीपुरता फ्रान्सचा चढला आणि दुसऱ्या दिवशी अमेरिकेचा. चोवीस तासांत तीन धनी.

आणि जागेवर कोण होते? मिसिसिपीच्या पश्चिमेला ओसेज होते, पॉनी होते, मँडन होते, लाकोटा होते, आणखी कितीतरी होते. ते आपापल्या नदीकाठी मका पेरत होते आणि रेड्यांसारख्या दांडग्या बायसनच्या मागे माळरानावर फिरत होते. फ्रान्सचा किंवा स्पेनचा शिपाई यांच्यापैकी कित्येकांनी डोळ्यांनी पाहिलेलाही नव्हता. पॅरिसमध्ये सह्या करणाऱ्यांना हे माहीत नव्हते असे म्हणायची सोय नाही, कारण तहाच्या सहाव्या कलमात स्पेनने या जमातींशी केलेले करार अमेरिका पाळेल, असे स्पष्ट लिहिले आहे. ज्यांच्याशी करार करावे लागतात ते त्या जमिनीवर कोणीतरी असतात, एवढे तर त्यातून निघतेच. म्हणून मी म्हणतो की दीड कोटी डॉलरना अमेरिकेने जमीन घेतली नाही. युरोपच्या इतर सत्तांना दूर ठेवून या लोकांकडून पुढे जमीन मिळवण्याचा एकट्याचा हक्क तिने घेतला. वडिलांची १९७४ ची रजिस्ट्री याच जातीची होती.

१८०४ मध्ये लुईस आणि क्लार्क यांची तुकडी मिझुरी नदीतून वर निघाली, तेव्हा तिने नावेतून पदके नेली होती. पदकाच्या एका अंगाला जेफरसन यांचा मुखवटा आणि दुसऱ्या अंगाला हातात हात दिलेले दोन हात. ३ ऑगस्टला ओटो आणि मिझुरिया जमातींच्या प्रमुखांना बोलावून त्यांच्यापुढे लांबलचक भाषण वाचण्यात आले, की तुमचे जुने फ्रेंच आणि स्पॅनिश बाप निघून गेले, आता तुमचा मोठा बाप पूर्वेकडे आहे. गळ्यात पदक पडले, म्हणजे यांच्या दृष्टीने नामांतरण झाले. त्या प्रमुखांनी पदकाची मागची बाजू पाहून काय अर्थ लावला असेल? हात मिळवणे बरोबरीच्यांत असते.

नंतर दुसऱ्यांदा पैसे मोजायची पाळी आली. १० नोव्हेंबर १८०८ च्या तहाने ओसेज लोकांनी मिझुरी आणि आर्कान्सा या नद्यांमधला प्रचंड टापू सोडला. बदल्यात त्यांना १,२०० डॉलर रोख आणि दरसाल १,५०० डॉलरचा माल मिळायचा होता. असे तह पुढे शंभरांवर झाले, काही समजुतीने, बरेचसे दडपणाने, आणि १८३० नंतर तर पूर्वेकडच्या जमातींना उठवून याच खरेदीच्या मुलखात आणून बसवण्यात आले, म्हणजे आधीच्या कब्जेदारांच्या उरावर नवे कब्जेदार. हा सगळा खर्च आणि त्यापायी झालेल्या लढायांचा खर्च मांडल्याशिवाय एकरी तीन सेंट हा भाव छापू नये. माझ्या वडिलांनीही प्लॉटचा भाव सांगताना नेहमी दोन्ही रकमा मिळून सांगितला.

कायद्याने या बाबतीत जी कसरत केली ती तर मुद्दाम सांगण्यासारखी आहे. काही गोऱ्या सट्टेबाजांनी १७७३ आणि १७७५ मध्ये इलिनॉय भागात थेट तिथल्या जमातींकडून जमीन विकत घेतली होती, म्हणजे ज्यांचा ताबा होता त्यांच्याकडूनच. पुढे तीच जमीन सरकारने दुसऱ्याला विकली आणि खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. १८२३ मध्ये सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी निकाल दिला की मूळ रहिवाशांना वहिवाटीचा हक्क आहे, मालकीचा नाही. मालकी ज्या युरोपीय सत्तेने तो प्रदेश ‘शोधला’ तिची आणि तिच्यानंतर अमेरिकेची. ज्याने राहणाऱ्याकडून घेतली त्याचा कागद रद्द, आणि ज्याने कधी न राहिलेल्या राजाकडून घेतली त्याचा कागद खरा! वडिलांच्या वकिलांना मी हा निकाल सांगितला होता, तर ते म्हणाले, “हा इथे चालला असता तर आपला खटला पहिल्याच तारखेला जिंकलो असतो.”

हे जुने झाले असे कोणी म्हणेल. याच मुलखातल्या ब्लॅक हिल्स नावाच्या डोंगराळ पट्ट्याबद्दल १८६८ मध्ये लाकोटांशी तह झाला होता. तिथे सोने निघाले आणि १८७७ मध्ये तो पट्टा काढून घेण्यात आला. १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही भरपाईयोग्य जप्ती होती असे मान्य केले आणि व्याजासह दहा कोटी डॉलरहून अधिक रक्कम देण्याचा निर्णय कायम केला. सगळ्या लुइझियानाला पडले होते दीड कोटी. लाकोटांनी ते पैसे उचललेले नाहीत. पैसे उचलणे म्हणजे विक्री कबूल करणे, आणि आम्ही विकलेच नव्हते, हे त्यांचे म्हणणे आजही तसेच आहे.

आपण ग्वाल्हेरकरांनी तरी हे लवकर ओळखावे, कारण १८०३ च्या त्याच डिसेंबरात आपल्याही नावाचे कागद होत होते. न्यू ऑर्लिन्समध्ये फ्रान्सचा झेंडा उतरल्यानंतर दहाच दिवसांनी, ३० डिसेंबर १८०३ रोजी, सुर्जी अंजनगावच्या तहाने दौलतराव शिंद्यांनी गंगा-यमुनांचा दुआब, भडोच आणि अहमदनगरचा किल्ला इंग्रजांना सोडून दिला. इंग्रजांना तेव्हा हिंदुस्थानातही फ्रेंचांचेच भय होते. शिंद्यांचा फ्रेंच सेनापती पेराँ सप्टेंबरातच त्यांच्या स्वाधीन झाला होता, तरी इंग्रजांशी लढाई चालू असलेल्या कोणत्याही युरोपीय किंवा अमेरिकी सत्तेच्या माणसाला नोकरीत ठेवणार नाही, असे तहात लिहून घेतले गेले. दुआबातल्या कुणब्यांना कोणी विचारले नाही. १८८६ मध्ये इंग्रजांनी ग्वाल्हेरचा किल्ला आणि मुरारची छावणी शिंद्यांना परत दिली व बदल्यात झाशी शहर घेतले, तेव्हा झाशीकरांनाही कोणी विचारले नाही. आम्ही ग्वाल्हेरच्या लष्कर भागात वाढलेली मंडळी किल्ला परत आल्याचा आनंद सांगतो; झाशीला माझी मावशी दिली होती, तिच्या सासरी ही गोष्ट अगदी वेगळ्या सुरात सांगत.

आता नकाशा. आपण छापलेल्या नकाशात टेक्सास संपूर्ण आणि पॅसिफिक समुद्रापर्यंतचा ऑरेगॉनचा पट्टा लुइझियानाच्या रंगात रंगवला आहे. हे चूक आहे. तहातच सीमा धड लिहिलेल्या नव्हत्या, आणि लिव्हिंग्स्टन यांनी विचारले तेव्हा तालेराँ यांनी त्यांची बोळवण केली, की तुम्ही उत्तम सौदा केला आहे, त्याचा पुरेपूर फायदा तुम्ही घ्यालच. उत्तरेची सीमा १८१८ मध्ये इंग्लंडशी आणि पश्चिमेची १८१९ मध्ये स्पेनशी तह होऊन ठरली. टेक्सास १८४५ मध्ये आणि ऑरेगॉनचा वाद १८४६ मध्ये मिटून अमेरिकेत आले. खरेदीचा मुलूख पश्चिमेला रॉकी पर्वताच्या कण्यापाशी थांबतो. कृपया दुरुस्त नकाशा पुढच्या रविवारी द्यावा, आणि जागा असल्यास त्यात ओसेज, पॉनी, मँडन आणि लाकोटा ही नावे त्यांच्या त्यांच्या नद्यांवर घालावीत. नद्यांची नावे आपल्या नकाशात आहेतच, फक्त काठावरची नाहीत.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
लष्कर, ग्वाल्हेर